‘स्मृतिचित्रे’तील आचार आणि श्रद्धा

१

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रवाङ्मयात त्याला तेव्हापासून मिळालेले अग्रस्थान आजतागायत अबाधित आहे. शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या एका स्त्रीने उतारवयात हा ग्रंथ लिहिला. त्याची घरगुती बोलभाषा, त्यातील विनोद, दुःखाकडे पाहण्याची निर्मळ दृष्टी या गुणांची वाखाणणी इतक्या वेळा झाली आहे की ती पुन्हा करण्याचे प्रयोजन उरलेले नाही. तथापि या वाखाणणीतच एक उणीव राहून गेली आहे. ग्रंथातील मध्यवर्ती घटना धर्मांतराची आहे, आणि तिच्याकडे रसिक टीकाकार बहुधा संसारावर कोसळलेले एक संकट एवढ्याच दृष्टीने पाहतात. पतीने धर्म सोडला, पतिपत्नींची ताटातूट झाली, पुढे पत्नी पतीकडे गेली, अखेर तिनेही नवा धर्म स्वीकारला आणि मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला, अशी ही मांडणी असते. तीत धर्म हा कथानकाला वळण देणारा निमित्तमात्र प्रसंग ठरतो.

याच्या उलट टोकाला श्रद्धावान ख्रिस्ती वाचकांची एक दृष्टी आहे. तिच्या मते हा ग्रंथ म्हणजे श्रद्धेची साक्ष. साक्षीचे मर्म बाप्तिस्म्याच्या प्रकरणात शोधले जाते आणि उरलेल्या शेकडो घरगुती हकीकती त्या मर्माभोवतीचा पालापाचोळा म्हणून दृष्टीआड होतात. दोन वाचने परस्परविरोधी दिसली तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे: श्रद्धा ही एक वस्तू आणि नित्याचा संसार ही दुसरी. पहिल्या पक्षाला संसार हवा असतो, दुसऱ्याला श्रद्धा.

हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ‘स्मृतिचित्रे’त ख्रिस्ती श्रद्धेचा विचार जर कोठे झाला असेल तर तो स्वयंपाकघर, पाण्याचे भांडे, महिन्याचा पगार, दारी आलेला उपाशी माणूस आणि घरधन्याचा राग यांच्याच निमित्ताने झाला आहे. पूर्वीच्या मराठी ख्रिस्ती लेखनात श्रद्धेकडून आचाराकडे येणारी वाट दिसते. लक्ष्मीबाईंचा प्रवास आचाराकडून श्रद्धेकडे झाला आहे. शिवाय श्रद्धेचे मोल ठरविण्याची एक कसोटी त्यांच्या निवेदनातून आपोआप सिद्ध होते. ती अशी की, एकाच्या धर्माचरणाचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला?

२

श्रद्धा आणि आचार यांच्या संबंधाचा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचाराइतकाच जुना आहे. त्याची दोन टोके नव्या करारातच आढळतात. पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, असा सिद्धान्त मांडला आहे. याकोबाच्या पत्रात मात्र कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव होय, असे बजावलेले आहे. मार्टिन लूथरने १५२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गौण लेखले, ते मुख्यतः याच कारणाने. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात कार्य करणारे अमेरिकन व स्कॉटिश मिशनरी प्रॉटेस्टंट परंपरेतले होते. आधी विश्वास आणि मग त्याचे फळ म्हणून आचार, हाच क्रम त्यांच्या उपदेशात असे.

हा क्रम ज्या समाजापुढे मांडला गेला त्या समाजात धर्म या शब्दाचा व्यवहारातला अर्थच आचार असा होता. मनात काय मानावे याविषयी येथे पुष्कळ मोकळीक होती. अद्वैती, सगुणभक्त आणि मनातून संशयी झालेला इंग्रजी शिकलेला तरुण हे तिघे एका पंक्तीला बसू शकत. पंक्तीला कोण बसावे, पाणी कोणाच्या हातचे प्यावे, कोणता स्पर्श कोणत्या वेळी वर्ज्य मानावा, याबाबत मात्र मोकळीक नव्हती. सारांश, मत बदलल्याने जात जात नसे. पाणी बदलल्याने जात असे. या परिस्थितीत ख्रिस्ती उपासनेतील प्रभुभोजनाचा साधा विधीही सामाजिक दृष्ट्या स्फोटक ठरणारा होता. एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून सर्वांनी घ्यावयाचे म्हणजे धर्मसिद्धान्ताचा प्रश्न तत्क्षणी स्वयंपाकघराचा प्रश्न होतो.

श्रद्धा आणि पाणी यांचा हा संबंध मुंबईच्या परमहंस सभेच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. १८४९ साली स्थापन झालेल्या या सभेत प्रवेश करणारास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. जातिभेद मोडण्याचा हा आचार धीट खरा, पण तो बंद दाराआड होई. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विसकटली. आचार बदलला होता. त्याची उघड जबाबदारी घेण्याची तयारी मात्र फार थोड्यांची होती.

बाबा पदमनजी काही काळ याच सभेचे सभासद होते. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला मार्ग सविस्तर सांगितला आहे. तो वाचनाचा, वादाचा आणि अंतःकरणातील झगड्याचा मार्ग आहे. बालपणीच्या घरातील व्रतवैकल्ये, सणवार व तीर्थयात्रा यांची त्यांनी दिलेली माहिती आजही अभ्यासकांच्या उपयोगाची आहे. तथापि तिचे ग्रंथातील स्थान सोडून दिलेल्या गोष्टींच्या यादीसारखे आहे. सिद्धान्त पटला, जुना आचार गळून पडला, असा तेथला ओघ आहे. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीतही अशीच रचना दिसते. यमुना व विनायकराव यांची श्रद्धा प्रथम मनातच राहते; ती उघड होण्यास मृत्यू आणि वैधव्य यांसारखे निर्वाणीचे प्रसंग लागतात. श्रद्धा कबूल करण्याचा क्षण हा येथे उत्कर्षबिंदू आहे. त्या क्षणानंतर रोजचा दिवस कसा जातो, चूल कशी पेटते, भांडण कसे मिटते, याचे कुतूहल या लेखनाला फारसे नाही. ‘स्मृतिचित्रे’ नेमकी तेथून सुरू होतात.

३

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत सांगितली आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही. धुतल्याने विरघळणाऱ्या मिठासाखरेलाही त्यातून सूट नसे. ही हकीकत वाचताना हसू आवरत नाही. पण नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या घरात धुण्याचे, भिजण्याचे आणि पुन्हा धुण्याचे श्रम कोणाला करावे लागत होते, याची नोंद लक्ष्मीबाईंनी हसता हसताच केलेली आहे. शुद्धी वडिलांची, श्रम आईचे. मुलींचे बालपणही त्याच पाण्यात भिजले.

या आरंभाचे महत्त्व टीकाकारांच्या ध्यानी पुरेसे आलेले नाही. विक्षिप्त वडिलांचे एक विनोदी व्यक्तिचित्र एवढेच त्याचे मोल केले जाते. वस्तुतः पुढील सर्व ग्रंथाचा प्रश्न येथेच मांडला गेला आहे. धर्माचरण एकाच्या इच्छेने चालते, त्याचा भार दुसऱ्याच्या अंगावर पडतो, आणि भार वाहणाऱ्याला त्या आचरणाविषयी मत विचारले जात नाही. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात याच प्रश्नाची पुनरावृत्ती वेगळ्या रूपाने व्हावयाची होती.

नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह बालपणीच, १८८० साली झाला. टिळकांच्या मनातील धर्मशोधाला निश्चित दिशा मिळाली ती १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात. भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचावयास घेतला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना खिळवून ठेवले, हे सुप्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर या दिवशी त्यांच्यापुढे कोणताही सिद्धान्त उभा राहिला नव्हता. उभे राहिले होते ते प्रश्न असे: आता कोणाच्या घरी राहावयाचे, मुलाचे काय करावयाचे, जिवंत पतीची पत्नी असून समाजात कोणत्या नात्याने वावरावयाचे. ताटातुटीची ती वर्षे पंढरपूरसारख्या क्षेत्री, नातलगांच्या आधाराने गेली. पती ख्रिस्ती झाला म्हणून पत्नीची श्रद्धा हलली नाही. हलले ते तिचे पायाखालचे घर.

पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या त्या हिंदू म्हणून. त्यांचा स्वयंपाक आणि त्यांचे पाणी वेगळे राहिले. टिळकांनी धर्म स्वीकारण्याची सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन आचार नांदू लागले. हा भाग ‘स्मृतिचित्रे’तील सर्वांत सूक्ष्म भाग म्हणावा लागेल, कारण मन आणि सवय यांच्यातील अंतर येथे दिवसागणिक मोजले गेले आहे. ख्रिस्ती माणसे चांगली आहेत असे मन कबूल करते, पण त्यांच्या हातचे पाणी घशाखाली उतरत नाही. लक्ष्मीबाईंना आपल्या या अवस्थेची लाज वाटली नाही आणि त्यांनी तिचे समर्थनही केले नाही. त्यांनी ती जशी होती तशी सांगितली.

मग एका टप्प्यावर त्यांच्या मनाने असे घेतले की जातिभेद ईश्वराने केलेला नसून तो मनुष्यकृत आहे, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. येथे क्रमाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. हा निश्चय झाला तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. कोणा उपदेशकाने वाद जिंकला म्हणून तो झाला नाही. आधी पाणी बदलले, मग पंगत बदलली, आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा झाला. मिशनरी उपदेशाचा क्रम विश्वास, बाप्तिस्मा, आचार असा. लक्ष्मीबाईंचा क्रम आचार, विश्वास, बाप्तिस्मा असा. परमहंस सभेनेही आचार आधी बदलला होता. परंतु तेथला पाव दाराआड खाल्लेला होता आणि सभा सोडली की जुन्या पंक्तीत परतता येत होते. लक्ष्मीबाईंचे पाणी उघड्यावरचे होते. ते प्याल्यावर परतीची वाट उरत नव्हती. ज्या समाजात धर्माचा अर्थ आचार असा होता, त्या समाजातील माणसाला श्रद्धेकडे नेणारी खरी वाट आचारातूनच जाणार, हा या प्रसंगाचा अर्थ आहे.

४

बाप्तिस्म्यानंतरची प्रकरणे ही मागील कथेची शेपूट आहे असे मानण्याचा प्रघात दिसतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र ग्रंथाचा गाभा तेथेच आहे. टिळक हे कवी, वक्ते आणि ख्रिस्तसेवक म्हणून महाराष्ट्रभर परिचित होते. त्यांच्या श्रद्धेविषयी सार्वजनिक पुरावा त्यांच्या अभंगांत व कार्यात विपुल आहे. ‘स्मृतिचित्रे’त त्याच श्रद्धेचा दुसरा, घरातला हिशेब ठेवलेला आहे, आणि तो ठेवणारी व्यक्ती त्यांच्यावर अपरंपार प्रेम करणारी असूनही हिशेबात सूट देत नाही.

डोंगरावरील प्रवचनाने ज्यांना वेधले त्या टिळकांनी त्यातील उपदेश शब्दशः घेतला. उद्याची चिंता करू नये म्हणून त्यांनी ती केली नाही. मागणाऱ्यास द्यावे म्हणून त्यांनी दिले. हातात पैसा टिकला नाही. सामान आणण्यास निघालेले टिळक भलतीच वस्तू घेऊन किंवा रिकाम्या हातांनी परतत. पाहुणे, विद्यार्थी, निराश्रित मुले यांना घर सदैव मोकळे असे. हे सर्व प्रवचनाशी पूर्णपणे सुसंगत आहे. परंतु उद्याची चिंता टिळकांनी सोडली म्हणून ती नाहीशी झाली नाही. ती लक्ष्मीबाईंकडे गेली. पाहुण्यांना बोलावण्याचे पुण्य एकाचे आणि पिठाच्या डब्याचा तळ पाहण्याची पाळी दुसरीची.

येथे जलालपूरच्या घराची आठवण होणे अपरिहार्य आहे. वडिलांच्या सोवळ्याचा भार आईने वाहिला; पतीच्या औदार्याचा भार पत्नीने वाहिला. सोवळे माणसांना दूर ठेवते, औदार्य जवळ करते, म्हणून दोहोंचे मोल एक मानता येणार नाही. तरीही ज्या चुलीवर दोहोंची किंमत चुकती होते ती चूल एकच आहे. ख्रिस्ती घरातील औदार्याकडे अशा दृष्टीने पाहणे हे ‘स्मृतिचित्रे’चे मोठे धाडस होय. ते धाडस कोणत्याही आरोपाच्या स्वरात झालेले नसल्यामुळे वाचकाच्या सहज लक्षात येत नाही.

मग दोन घरांत फरक कोणता? तो लक्ष्मीबाईंच्या स्थानात आहे. जलालपूरच्या घरात आईला सोवळ्याविषयी बोलण्याची सोय नव्हती. टिळकांच्या घरात लक्ष्मीबाई बोलतात, वाद घालतात, रुसतात, पतीची फजिती करतात, आणि टिळकही अनेकदा आपली चूक मान्य करतात. त्यांचा राग भडकून उठणारा, पण पश्चात्तापही तितकाच त्वरित. पश्चात्ताप हा ख्रिस्ती धर्मविचारातील मोठा शब्द आहे. या ग्रंथात तो प्रार्थनामंदिरापेक्षा ओसरीवर, ओरडून झाल्यानंतरच्या अवघडलेल्या क्षणी अधिक वेळा भेटतो. श्रद्धेने टिळकांचा स्वभाव पालटून टाकला असा दावा लक्ष्मीबाई करीत नाहीत. स्वभाव राहिला, त्याची लाज वाटू लागली. एवढा फरक त्या प्रामाणिकपणे नोंदवितात, आणि धार्मिक चरित्रांत सहसा आढळणाऱ्या पूर्ण पालटाच्या वर्णनांपेक्षा तो अधिक विश्वसनीय वाटतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हळूहळू औदार्याचा उपक्रम लक्ष्मीबाईंच्या हाती येतो. नकोशी या मुलीला त्या घरात आणि मायेत घेतात. प्लेगच्या दिवसांत त्या आजारी मुलींच्या शुश्रूषेला उभ्या राहतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, नगरला टिळकांच्या घरी राहिले तेव्हा हिंदू राहिलेल्या त्या तरुण कवीला लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. ती देताना त्याच्या धर्माची चौकशी आड आली नाही. ज्या हातांना पूर्वी दुसऱ्याचे पाणी चालत नव्हते ते हात आता कोणाचेही अंग पुसतात, कोणालाही जेवू घालतात. वाहिलेला भार आता स्वतः उचललेला भार होतो. श्रद्धा आचारात उतरली असे म्हणावयाचे ते येथे. त्यासाठी लक्ष्मीबाईंनी एकही सिद्धान्तवाक्य लिहिलेले नाही.

ग्रंथातील विनोदाचा विचारही याच संदर्भात व्हावयास हवा. तो केवळ स्वभावाचा गुण नाही. तो कसोटी लावण्याचे साधन आहे. मोठ्या तत्त्वाला आणि रिकाम्या डब्याला लक्ष्मीबाई एका वाक्यात शेजारी बसवितात, आणि हसू फुटते. त्या हसण्यात तत्त्वाचा अधिक्षेप नसतो. तत्त्व किती पेलले याचा अंदाज असतो. स्वतःलाही त्या यातून वगळत नाहीत. आपले सोवळे, आपला भित्रेपणा, आपले अज्ञान यांवर त्या पतीच्या भोळेपणाइतक्याच मोकळेपणाने हसतात. म्हणून त्यांच्या हिशेबाला निवाड्याचे कठोर रूप येत नाही.

५

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, येथे ज्याला ख्रिस्ती आचार म्हटले तो वस्तुतः लक्ष्मीबाईंचा उपजत स्वभाव होता. त्या हिंदू राहिल्या असत्या तरीही मायाळू आणि विनोदी राहिल्या असत्या. आक्षेपात तथ्य आहे. परंतु मायेची व्याप्ती ही केवळ स्वभावाची गोष्ट नसते. जातीच्या मर्यादेत मायाळू असणारी माणसे प्रत्येक समाजात असतात. लक्ष्मीबाईंच्या मायेची सीमा ओलांडली गेली ती पाण्याच्या निश्चयाने, आणि तो निश्चय टिकला तो नव्या श्रद्धेच्या आणि नव्या मंडळीच्या आधारावर. स्वभावाने शक्ती दिली, श्रद्धेने तिला वाव दिला.

दुसरा आक्षेप स्मृतीविषयीचा आहे. १९०० च्या पूर्वीच्या घटना लक्ष्मीबाईंनी तीन दशकांहून अधिक काळानंतर लिहिल्या; २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि शेवटच्या भागाला त्यांचे पुत्र देवदत्त नारायण टिळक यांचा हात लागला. मधल्या काळात आठवणींना आकार आला असणे संभवते, आणि सुखरूप पार पडलेल्या संकटाकडे मागे वळून पाहताना कडवटपणा ओसरलेला असणार. ही मर्यादा मान्य केली तरी प्रस्तुत मुद्दा ढळत नाही. तीस वर्षांनंतर काय आठवावे हाही निवडीचाच प्रश्न आहे. लक्ष्मीबाईंना वाद आठवले नाहीत, पाणी आठवले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सिद्धान्ताविषयीचे हे मौन म्हणजे निवड कशावरून, अल्पशिक्षित स्त्रीची असमर्थता कशावरून नाही? याचे उत्तर त्यांच्याच दुसऱ्या कृतीत सापडते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. त्याचा उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी पूर्ण केला. ख्रिस्ताचे चरित्र आणि उपदेश छंदोबद्ध करण्याइतका ज्यांचा त्या विषयाशी परिचय होता, त्यांना आत्मचरित्रात धर्मतत्त्वांची दोन प्रकरणे लिहिणे अशक्य नव्हते. त्यांनी ती लिहिली नाहीत, याचा अर्थ तत्त्वांचे स्थान काव्यात आणि स्वतःच्या श्रद्धेचे स्थान दिनक्रमात, असा विवेक त्यांच्यापाशी होता.

या संदर्भात इंग्रजी भाषांतरांची शीर्षकेही विचारात घेण्यासारखी आहेत. १९५० साली ई. जोसेफीन इंक्स्टर यांनी केलेले भाषांतर ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागून जाते’, या नावाने प्रसिद्ध झाले. २०१७ साली शांता गोखले यांचे भाषांतर मूळ नाव कायम ठेवून, पण ‘द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’ या उपशीर्षकासह आले. पहिल्या नावात अनुयायी स्त्री आहे, दुसऱ्यात तेजस्वी पत्नी. सहासष्ट-सदुसष्ट वर्षांच्या अंतराने बदललेली दृष्टी त्यांत उमटली आहे, तरी दोन्ही नावे लक्ष्मीबाईंना पतीच्या संबंधानेच ओळखतात. जातिभेदाविषयीचा निश्चय मात्र त्यांनी पतीच्या मागून जाऊन केलेला नव्हता. बाप्तिस्म्याच्या बाबतीत टिळक पाच वर्षांनी पुढे होते, हे खरे. परंतु उद्याची चिंता सोडणे सोपे कोणाला आणि ती वाहून औदार्य टिकविणे अवघड कोणाला, असे विचारल्यास पुढे कोण आणि मागे कोण, याचे उत्तर तितके सरळ राहत नाही.

६

१९१७ साली टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेतून बाहेर पडले आणि सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने ती फारशी रुजली नाही. नाव नोंदविण्याने नव्हे, अनुसरण्याने माणूस ख्रिस्ताचा होतो, हे त्या कल्पनेचे बीज होते. हा विचार टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस संस्थेच्या रूपाने मांडला. त्यांच्या घरात तो त्यापूर्वी सुमारे सतरा वर्षे, पत्नीने पहिल्यांदा परक्या हातचे पाणी घेतले त्या दिवसापासून, अमलात आलेला होता. बाप्तिस्मा न घेतलेली एक स्त्री त्या दिवशी त्या दरबारात दाखल झाली होती.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासाला यातून एक दिशा मिळू शकते. धर्मांतरितांची आत्मचरित्रे तपासताना अभ्यासक सामान्यतः धर्मांतराच्या कारणांचा शोध घेतात: कोणते पुस्तक वाचले, कोणता उपदेशक भेटला, कोणती शंका फिटली. हा शोध आवश्यक आहे. पण तो बाप्तिस्म्याच्या प्रकरणापाशी थांबतो. त्यापुढील प्रकरणांना निराळे प्रश्न विचारावे लागतील. घरात पाणी कोणी भरले, पगार कोणाच्या हातात पडला, रागावल्यानंतर क्षमा कोणी मागितली, आश्रिताला वाढताना कोणाचे ताट कमी झाले? श्रद्धेच्या खरेपणाविषयी या प्रश्नांची उत्तरे जे सांगतात ते कबुलीजबाबाची भाषा सांगू शकत नाही.

हे प्रश्न ख्रिस्ती धर्मापुरते मर्यादित नाहीत, हेही ‘स्मृतिचित्रे’वरून कळते, जलालपूरच्या सोवळ्याला तेच प्रश्न विचारले गेले आहेत. दोन धर्मांच्या घरांत राहिलेल्या एका स्त्रीने दोहोंना एकच माप लावले. एका घराचा द्वेष केला नाही आणि दुसऱ्याची भाटगिरी केली नाही. वडिलांच्या सोवळ्याला हसून झाल्यावरही त्यांच्या दुःखाविषयीची कणव तिने राखली, आणि पतीच्या श्रद्धेपुढे नतमस्तक होऊनही पिठाचा डबा रिकामा होता हे लिहून ठेवले. ग्रंथाची प्रसन्नता तिच्या या न्यायबुद्धीतून आली आहे.